होडीकडे पाठ करून

आमच्या कामोठ्यातल्या सोसायटीत प्रत्येक मजल्यावर एक तरी माणूस परदेशी जाऊन आलेला आहे. कुणी बाली, कुणी बाकू, कुणी दुबई. परत आले की ही मंडळी गच्चीवर खुर्च्या मांडून सगळ्यांना फोटो दाखवतात. ज्या बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरांनी आमचे रस्ते अडवलेले असतात, त्या न्हावा शेव्याकडे मात्र यांच्यापैकी कुणी कधी फिरकलेलं नाही. मी तिकडे जाऊन आलो. सगळं मिळून चार ठिकाणी गेलो, आणि एकूण अंतर पुण्याला जाऊन येण्याइतकंही भरणार नाही. तरी लिहितो आहे, कारण चारधाम यात्रेत दरड कोसळली तेव्हाही मी इतका घाबरलो नव्हतो.

आधी माझा स्वभाव सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं कारकुनी केली. कुठे पाणी मुरतंय हे पाहण्याची सवय नोकरीत लागली की जन्मजात होती, यावर घरात दोन मतं आहेत. भाजीवाल्याचा काटा मी वाकून बघतो. दाराशी आलेल्या वर्गणीवाल्यांकडून मागच्या वर्षीची पावती मागतो. बाहेर कुठेही चहा घेतला तर खिशातला रुमाल काढून ग्लासाची कड गोल पुसतो, एकदा वास घेतो, मगच तोंडाला लावतो. माझी बायको शैला म्हणते की, देवळात तीर्थ घेतानाही तुमचा हात रुमालाकडे जातो. ते खरं आहे.

सोमवार : ओवे

माझी मुलगी मृणाल पुण्यात कायदा शिकवते. तिचा फोन आला की घाना देशातली तिची एक मैत्रीण खारघरला, ओवे गावाच्या कडेला, खोली घेऊन राहते आहे. संशोधन करते आहे. तिला जरा फिरवाल का?

"विषय काय?"

"विकसनशील देशांमधली लोकशाही आणि जहाजांवरच्या गुन्ह्यांबाबत कायद्याची अंमलबजावणी."

"याला पैसे कोण देतं?"

"विद्यापीठ देतं, बाबा."

"आणि विद्यापीठाला?"

मृणालने फोन आईला द्यायला सांगितलं.

माझ्या मनात संशय यायला कारण होतं. नेमकं त्याच आठवड्यात मला पनवेलच्या कोर्टाचं समन्स आलं होतं, गुरुवारचं, आणि तेही जहाजावरच्या डिझेलच्या चोरीच्या खटल्यात. जन्मात कधी घानाच्या माणसाशी बोललो नाही, आणि आता हा योगायोग? मला तर वाटलं, हिला कुणीतरी माझ्यावर सोडलं आहे.

तर ते समन्स. साडेचार वर्षांपूर्वी, मी नोकरीत असताना, समुद्रावर गस्त घालणाऱ्या एका खात्याचं आमच्या ऑफिसला पत्र आलं होतं : पंच म्हणून दोन कर्मचारी द्यावेत. साहेबांनी मला आणि आमच्या शिंद्यांना जीपमध्ये बसवून दिलं. उरणकडच्या एका कोळीवाड्याच्या धक्क्यावर आम्हाला नेलं. बाहेर समुद्रात नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजावरचे लोक चोरून डिझेल विकतात, होड्या ते पिंपांत भरून किनाऱ्याला आणतात, आणि त्यातली एक होडी सापडली आहे, असं आम्हाला सांगण्यात आलं. धक्क्यावर निळी पिंपं ओळीने मांडलेली होती. बदामाच्या झाडाखाली बसायला सांगितलं, बसलो. चहा आला, घेतला. मग एका साहेबांनी लिहिलेली पानं पुढे आली. जिथे जिथे सही करायची तिथे पेन्सिलीने बारीक फुली मारलेली होती. मी फुल्यांवर सह्या केल्या आणि जेवायला घरी आलो. शिंदे गेल्या वर्षी वारले. आता उरलेला पंच मी एकटा.

समन्स हातात पडल्यावर मी आठवायला बसलो. चहा मला फार स्पष्ट आठवत होता, आल्याचा होता. होडी अजिबात आठवत नव्हती. तेव्हा ठरवलं की पाहुणीला त्याच गावात न्यायचं, म्हणजे धक्का, झाड, होडी सगळं एकदा नजरेखालून जाईल आणि गुरुवारी पिंजऱ्यात उभं राहून अडखळायला होणार नाही. शैलाचाही सल्ला तोच होता. "जे लिहिलंय ते सांगा आणि मोकळे व्हा," ती म्हणाली.

पाहुणीचं नाव अबेना. तिशीतली, उंच, आवाज खर्जातला. ओव्यात एका शेतकऱ्याच्या घराच्या माडीवर तिची खोली होती आणि घरमालकीणबाईंनी तिला एव्हाना तांदूळ निवडायला बसवलं होतं. आमचं बोलणं इंग्रजीत, माझं ऑफिसच्या पत्रव्यवहारातलं आणि तिचं पुस्तकातलं. चहा आला. मी रुमाल काढला.

"हे का करता?" तिने विचारलं.

"सवय."

"माझ्या आजीच्या गावात ताडी देणारा माणूस आधी स्वतः घोट घेतो. पिणाऱ्याला शंका राहू नये म्हणून. शंका काढून टाकायचं काम देणाऱ्याचं असतं."

मला ती पद्धत आवडली, पण मी पुसून घेतलंच.

मग तिने प्रश्न विचारायला सुरुवात केली. तुमच्याकडे पोलीस झडती घेतात तेव्हा ते खरं बोलत आहेत हे कशावरून ठरतं? मी खुर्चीत सावरून बसलो आणि पंच म्हणजे काय ते समजावून सांगितलं. पोलिसांना वाटलं म्हणून झालं, असं आमच्याकडे नाही. दोन प्रतिष्ठित, त्रयस्थ माणसं समोर उभी करावी लागतात, त्यांनी डोळ्यांनी बघायचं, मग लिहायचं, मग त्यांची सही. आता तर मोबाइलवर चित्रीकरणही करतात.

तिचं पेन थांबलं. "म्हणजे साधा नागरिक? सरकारवर नजर ठेवायला सरकार स्वतःच त्याला बोलावतं?"

"होय."

"हे तर मतदानापेक्षा मोठं आहे," ती म्हणाली आणि त्या वाक्याखाली तिने दोन रेघा ओढल्या.

त्यांच्याकडेही निवडणुका होतात, सरकारं बदलतात, बोटाला शाई लावतात. मत मात्र ते आपल्यासारखं बटण दाबून देत नाहीत, शाईत अंगठा बुडवून कागदावर उठवतात. प्राध्यापकसुद्धा. मी म्हटलं, आमच्याकडे अंगठा उठवणारा म्हणजे अडाणी. ती हसली. "सही कुणीही कुठेही ठोकतो," ती म्हणाली. "अंगठा उठवायला जरा थांबावं लागतं." मी विषय बदलला.

मंगळवार सकाळ : करळ फाट्याच्या अलीकडे

माझी जुनी गाडी घेऊन निघालो. गव्हाण फाटा ओलांडला की जग बदलतं. दोन्ही बाजूंना कंटेनरच्या भिंती, लाल, निळ्या, विटकरी, पाच-पाच एकावर एक. त्यांच्यामधून मधेच एखादं देऊळ, एखादं मिठागर, पाण्यात एका पायावर उभे बगळे. जासईच्या पुढे ट्रेलरांची रांग लागली आणि आम्ही अडकलो. अर्ध्या तासात शंभर पावलं सरकलो असू.

तेवढ्यात मागच्या ट्रेलरचा ड्रायव्हर खाली उतरला, आमच्या गाडीशी आला आणि काचेवर थापा मारून मागच्या चाकाकडे बोट दाखवू लागला. हा प्रकार मला पाठ आहे. चाकात हवा नाही म्हणून उतरवतात आणि दुसऱ्या दारातून बॅग पळवतात. मी दारं लॉक केली, अबेनाला पर्स पायाशी ठेवायला सांगितली आणि समोर बघत राहिलो. तो दोन मिनिटं थापा मारून कंटाळून गेला. रांग हलली, मीही गाडी हलवली, आणि धडधड आवाज आला. चाक खरंच बसलं होतं.

मान खाली घालून उतरलो. तोच ड्रायव्हर परत आला. बीडकडचा होता. माझ्या वयाकडे बघून त्याने पाना माझ्या हातातून घेतला आणि स्वतः चाक बदललं.

"काका, मघाशी काच खाली केली असती तर टायर तरी वाचला असता," एवढंच तो म्हणाला.

अबेनाने त्याला त्याच्या कंटेनरबद्दल विचारलं, मी भाषांतर केलं. त्याने दारावरचा सळईसारखा खिळा दाखवला, त्यावर नंबर कोरलेला. हे सील. बंदरातून निघताना लावतात, गोदामात पोचल्यावर तोडतात.

"आत काय आहे?"

"कागदावर फरशी लिहिलीय. आत काय हाय ते मला कसं ठावं? सील शाबूत असलं की आपण सुटलो. आत कुणी बघत नसतंय."

हे वाक्य इंग्रजीत सांगताना माझी जीभ उगाच अडखळली.

बंदराच्या फाटकावर सुरक्षारक्षकाने आम्हाला अडवलं. अबेनाचा पासपोर्ट बघितला, माझं आधार कार्ड बघितलं, मग आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "तुमचं यांच्याशी नातं काय?" त्याने मला विचारलं. आयुष्यभर मी ज्या नजरेने जगाकडे बघत आलो, ती नजर त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यावर पडली. फार वाईट वाटतं. आत सोडलं नाहीच. दूर रस्त्यावरून क्रेनी पाहिल्या आणि वळलो.

मंगळवार दुपार : कोळीवाडा

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. खाडीच्या तोंडाशी आहे. काळीकुट्ट चिखलवाट, वाळत घातलेल्या बोंबलांच्या दोरखंडावरच्या रांगा, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ग्रामसभेची नोटीस, आणि तिच्यावर कुणीतरी लग्नाच्या बँडची जाहिरात डकवलेली. मला वास सहन होईना, मी रुमाल नाकाला लावला. अबेना मात्र दीर्घ श्वास घेत चालली होती. तिची आई असेच मासे धुरावर सुकवून बाजारात विकते, असं ती म्हणाली.

बदामाचं झाड तिथेच होतं. धक्का तिथेच होता. आणि धक्क्याच्या खाली, भरतीचं पाणी जेमतेम पोचेल अशा जागी, चिखलात एक होडी कलंडून उभी होती. नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, बांधलेल्या जप्तीच्या लाखबंद चिठ्ठीचा रंग उडालेला. उन्हाने फळ्या आक्रसून मधल्या भेगांतून पलीकडचं आभाळ दिसत होतं. मी ती नीट पाहून घेतली, लांबी, रंग, डोलकाठी. कोर्टात उपयोगी पडेल म्हणून.

"कोनाची मानसा तुमी?" मागून आवाज आला.

पन्नाशीची बाई. नऊवारी गुडघ्यापर्यंत कसलेली, डोक्यावर पाटी. नाव चांगुणा. ही होडी तिच्या घरची, इकडच्या बोलीत होरी. नवरा आरोपी, जामिनावर सुटलेला, आता कंटेनरच्या यार्डात पहारेकरी. मी माझं नाव सांगितलं नाही. म्हटलं, ही परदेशातून आली आहे, अभ्यास करते, मी तिचा दुभाष्या.

"हिचा नाव काय?"

"अबेना. त्यांच्याकडे मंगळवारी जन्मलेल्या मुलीचं हेच नाव ठेवतात."

चांगुणाबाईने पाटी खाली ठेवली. "मंग ही आमची मंगली! माजे सासूचा नाव मंगलीच व्हता. चल ग बाय, जेवून जा."

मी नको म्हणत होतो. खटल्यातल्या माणसाच्या घरचं जेवण म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. उद्या वकील विचारील, जेवलात का? पण अबेना चपला काढून आत गेलीसुद्धा. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाचं लालभडक कालवण, परतलेला जवळा. आम्ही साताऱ्याकडची माणसं, मटणावर वाढलेली, माशाच्या काट्याचा आम्हाला भरवसा नाही. मी एकेक घास तपासून खात होतो. अबेनाने काट्यासकट बोंबील चावून खाल्ला आणि त्यांच्याकडे मक्याचं पीठ आंबवून, पानात बांधून, उकडून माशाबरोबर खातात ते वर्णन करून सांगितलं. चांगुणाबाईला ते भाषांतराशिवायच कळल्यासारखं दिसलं.

जेवण झाल्यावर अबेनाने विचारलं, "ज्या जहाजावरून डिझेल आलं म्हणतात, त्या जहाजाचं काय झालं?"

मी विचारलं. चांगुणाबाईने समुद्राकडे हात झटकला. "ती गेली दुसरे दिशी. जाजाला कोन धरतं? आमची होरी चिखलात अरकलेली, धराला बरी."

अबेना म्हणाली की त्यांच्या किनाऱ्यावरही मोठी जहाजं आपली मासळी समुद्रातच चोरून छोट्या होड्यांना विकतात, आणि पकडली जाते ती होडी. जहाजाचा देश वेगळा, मालक वेगळा, कागद तिसऱ्याच्या नावाचा. ती पुढचं पान उलटत होती. मी मधेच माझा प्रश्न घुसवला, कारण मला राहवेना.

"खरं सांगा. डिझेल तुमच्या होडीत होतं की नव्हतं?"

बाईने माझ्याकडे रोखून बघितलं. "त्या दिशी नव्हता. पिंपा दुसरे होरीशी उतरवली, ती होरी पलाली. आमची रिकामी लागलेली, तीच धरली. पन आमी कवाच घेतला नाय, आसा मी बोलनार नाय. सगला गाव घेत व्हता. खोटा कशाला बोलू?"

माझी पंचाईत झाली. ती साफ नाकारती तर मी खुशाल संशय घेतला असता. असं अर्धं कबूल करणाऱ्या माणसावर संशय कसा घ्यायचा, ते मला येत नाही.

तेवढ्यात तिने चहा आणला. आल्याचा. ग्लास हातात आल्याबरोबर माझा हात आपोआप खिशात गेला. रुमाल काढला, कड गोल पुसली, नाकाशी नेऊन वास घेतला.

समोरून आवाज आला नाही म्हणून वर बघितलं. चांगुणाबाई पाटावर बसता बसता थांबली होती.

"तुमीच ते," ती म्हणाली.

मी रुमाल खिशात कोंबला.

"बदामाखाली बसला व्हता. होरीकरं पाठ करून. सकालपासून उपाशी दिसलाव म्हनून मी चा पाठवला, तवा मना म्हाईत बी नव्हता तुमी कशाला आयलाव. तवाबी असाच पुसलाव. दोनदा पुसलाव. आनि कागुद आयला त बगितलाव बी नाय. नुस्ती सही केलाव."

रडली नाही, हात जोडले नाहीत. गुरुवारी काय सांगणार, असंही विचारलं नाही. भांडी उचलून मोरीकडे गेली.

"काय म्हणाल्या?" अबेनाने विचारलं.

"चहा गरम आहे तोवर घ्या म्हणाल्या," मी सांगितलं.

परतीच्या वाटेवर गव्हाण फाट्याशी अबेनाने वही मिटली. मग म्हणाली, "चहा गरम आहे हे सांगायला त्यांना फार वेळ लागला."

मी गाडी कडेला घेतली आणि सगळं सांगितलं. पत्र, जीप, झाड, फुल्या. तिच्या वहीतल्या दोन रेघा ओढलेल्या वाक्यासकट. मला वाटलं होतं ती मला बोलेल. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "माझ्या देशात पंच नाहीत, म्हणून मला हेवा वाटला होता." मला इतकी लाज छत्तीस वर्षांत साहेबांनी शिव्या दिल्या तेव्हाही वाटली नव्हती.

बुधवारी कुठे गेलो नाही. गस्तीच्या त्या खात्यातून फोन आला. गोड आवाज. "काका, उद्या अर्धा तास लवकर या, पंचनामा वाचायला देतो. तसंच सांगायचं, दहा मिनिटांचं काम." शैलाला सगळं सांगितलं. ती बराच वेळ गवार मोडत राहिली. मग म्हणाली, "पेन्शनला काही करतील का हो?" मला तीच भीती होती. खोटी सही केली असं कबूल करणाऱ्या निवृत्त कर्मचाऱ्याचं काय करतात, याचा नियम मला आठवत नव्हता, आणि नियम न आठवण्याची ती पहिली वेळ. शिवाय मनात उलटा संशयही होताच. बाई खरं बोलते कशावरून? होडी आज सोडवली तर उद्या परत पिंपं भरतील. गवार संपली तेव्हा शैला म्हणाली, "ते चोर आहेत की नाहीत हे तुम्हाला विचारलंय कुणी?"

गुरुवार : पनवेल

कोर्टाच्या व्हरांड्यात मला पंचनाम्याची पाच पानं वाचायला दिली. साडेचार वर्षांत पहिल्यांदा वाचत होतो. चांगली भाषा होती. 'आम्हां पंचांसमक्ष सदर होडीची झडती घेतली असता होडीच्या आतील बाजूस' अकरा पिंपं मिळून आली होती. 'आम्ही पंचांनी स्वतः खात्री केली' असंही होतं. प्रत्येक पानाच्या तळाशी माझी सही, वळणदार. एका सहीखाली पेन्सिलीची फुली अजून अंधूक दिसत होती.

दाराशी चांगुणाबाई आणि तिचा नवरा उभे होते. त्याच्या अंगावर यार्डाचा गणवेश होता, सुट्टी मिळाली नसावी. दोघांनी माझ्याकडे बघितलं नाही. अबेना मागच्या बाकावर वही मिटून बसली.

पुकारा झाला. पिंजऱ्यात चढलो. शपथ घेतली. सरकारी वकिलांनी कागद पुढे धरला.

"या सह्या तुमच्या?"

"माझ्याच."

"मजकूर बरोबर आहे?"

"मजकूर मी आज पहिल्यांदा वाचला."

सरकारी वकिलांनी चष्मा काढला. न्यायाधीशबाईंनी मान वर केली. "पिंपं कुठे पाहिलीत?" त्यांनी विचारलं.

"धक्क्यावर, मॅडम. ओळीने मांडलेली होती. होडीत मी पाहिली नाहीत. होडीच पाहिली नाही. मी तिच्याकडे पाठ करून चहा पीत होतो."

मागे कुणीतरी हसलं. त्यानंतरचा पाऊण तास मी कुणावर येऊ नये अशी वेळ म्हणेन. मला फितूर ठरवण्यात आलं. वकिलांनी विचारलं, आरोपीच्या घरी गेला होता का? गेलो होतो. जेवलात का? जेवलो. काय जेवलात? बोंबलाचं कालवण. त्यासाठी साक्ष फिरवली? नाही. मग तेव्हा सही का केलीत? या प्रश्नाला मी थोडा थांबलो. दबाव होता, असं सांगितलं असतं तर सुटलो असतो. पण मला कुणी धमकावलं नव्हतं. फुली होती, म्हणून केली. तसंच सांगितलं. न्यायाधीशबाई टंकलेखकाला वाक्य न् वाक्य सांगत होत्या आणि माझी अब्रू टकटक करत कागदावर उतरत होती. आरोपीने डिझेल घेतलं होतं का, असंही विचारलं. म्हटलं, ते मला माहीत नाही, मी फक्त न पाहिलेलं सांगू शकतो.

शेवटी जबाब छापून पुढे आला. "सही करा," शिरस्तेदार म्हणाले. मी चष्मा लावून वाचायला लागलो. पहिलं पान, दुसरं पान. पुढच्या खटल्याचे वकील घड्याळ बघू लागले. "काका, बरोबर आहे सगळं, करा सही," शिरस्तेदार पुन्हा म्हणाले. मी बोट ठेवून एकेक ओळ वाचत राहिलो. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "वाचू द्या त्यांना." चार पानं पूर्ण वाचली, मग सही केली. त्या दिवशी फुली कुणी मारली नव्हती, कुठे करायची ते मला विचारावं लागलं.

खटल्याचा निकाल अजून लागलेला नाही. मला माझ्या जुन्या खात्याकडून अजून काही आलेलं नाही, पण टपालवाला जिन्यात दिसला की मी आधी पाकिटावरचा शिक्का बघतो. जहाज कुठल्या समुद्रात आहे, कुणी सांगू शकलं नाही. अबेना घानाला परत गेली. वहीतलं ते वाक्य खोडलंत का, असं मी तिला निघताना विचारलं. खोडलं नाही, ती म्हणाली, पण त्यापुढे आणखी तीन पानं लिहिली.

कोर्टाबाहेर चहाची टपरी आहे. त्या गुरुवारी साक्ष संपल्यावर मी तिथे उभा होतो. चांगुणाबाई आली. आभार वगैरे काही मानले नाहीत. "होरी कवा सोरतील?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

"आनखी येक पावसाला फल्या टिकायच्या नाय," ती म्हणाली. मग टपरीवाल्याच्या हातातला चहाचा ग्लास तिनेच घेतला, पदराच्या टोकाने त्याची कड गोल पुसली आणि माझ्यापुढे धरला.

पदराला सुक्या बोंबलाचा वास होता. मी चहा घेतला.